कुणाचा पाऊस, कुणाची विहीर

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नावाच्या नद्या दोन आहेत. एक घाटाखालची. ती सातपुड्यात उगम पावते, अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीतून पश्चिमेला जाते आणि चांगदेवपाशी तापीला मिळते. दुसरी घाटावरची, खडकपूर्णा. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, आमच्या देऊळगाव राजा तालुक्यातून वाहते आणि पुढे येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं भरून गोदावरीला जाते. अजिंठ्याच्या धारेवर हातभर अंतरानं पडलेल्या दोन थेंबांपैकी एक अरबी समुद्राच्या वाटेला लागतो, दुसरा बंगालच्या उपसागराच्या. जिल्हा एक, कलेक्टर एक. पण जमिनीच्या उंचसखलपणानं पाण्याची दोन राज्यं करून ठेवली आहेत. आमच्याकडची माणसं ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ म्हणतात ते नुसतं पत्ता सांगायला नाही. सोयरीक जुळवतानाही ते आधी विचारलं जायचं, कारण मुलीच्या डोक्यावरच्या घागरीत कसलं पाणी असणार हे त्यावरून ठरायचं.

माझ्या आजीचं माहेर घाटाखालचं, संग्रामपूरच्या बाजूचं. सून होऊन देऊळगाव राजाला आली तेव्हा तिला दोन गोष्टींचं अप्रूप वाटलं होतं, असं ती सांगायची. एक म्हणजे इथलं पाणी गोड होतं. दुसरं म्हणजे ते दगडातून निघत होतं. तिच्या माहेरी विहीर खणताना सुरुंग लागत नसे. माती, खाली वाळू, पुन्हा माती. भीती असायची ती काठ ढासळायची. पाणी लागायचं, भरपूर लागायचं, पण तोंडात धरवत नसे आणि त्यात डाळ शिजत नसे. “इहीर तोंडापोहोत भरेल अन् पेयाले घागरभर नाही,” असं ती म्हणायची. सासरी सगळंच उलटं. इथं विहीर म्हणजे दोन-दोन उन्हाळ्यांचं काम. खडक फोडायचा, गाळ उपसायचा, परत फोडायचा. आणि एकाला पाणी लागलं म्हणून त्याच्यापासून वीस पावलांवर दुसऱ्याला लागेल याचा भरवसा नाही.

आजीला जे दिसलं ते भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातही तसंच आहे. घाटाखालचं पूर्णेचं खोरं हा जमिनीचा खचलेला पट्टा. नद्यांनी लाखो वर्षं त्यात गाळ आणून टाकला, काही ठिकाणी तो शेकडो मीटर खोल आहे. तिथला निचरा मंद, क्षार साचत गेले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे नऊशे गावं आज खारपाणपट्ट्यात मोजली जातात. घाटावर हा गाळ नाही. इथं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, ते भाकरींच्या चवडीप्रमाणे अजून तसेच आडवे पडून आहेत. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग याच काळ्या खडकाचा आहे. या खडकात पाणी सगळीकडे नसतं. ते ठरावीक जागी असतं, आणि त्या जागा कुठे आहेत ते जमिनीच्या घडणीवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. डोंगरमाथा, उतार, खोलगट भाग, नाल्याचं वळण यांचा अभ्यास करून भूजलाचा माग काढणं हे आज एक शास्त्र आहे. आमच्या घरात ते आबांच्या गोष्टींतून आलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. ते मला विहिरीच्या काठावर पालथं झोपवून आतल्या भिंतीकडे बघायला लावायचे. मागून माझे पाय ते स्वतः धरून ठेवायचे. वर दोन हात काळी माती. तिच्या खाली पिवळसर मुरूम, त्यात चुनखडीचे पांढरे गोटे. मग मांजऱ्या: मऊ, भोकाभोकांचा खडक, त्या भोकांत पांढरे चकाकणारे खडे बसलेले. त्याच्या खाली वीतभर जाडीचा तांबडा गेरूचा पट्टा, भिंतीला चहूबाजूंनी एकाच पातळीत फिरलेला. आणि त्याखाली काळा पाषाण, ज्यावर पहारेचे ओरखडे अजून दिसत होते. पाणी येत होतं ते गेरूच्या बरोब्बर वरून. उत्तरेच्या बाजूनं, जिकडे टेकाड होतं तिकडून, बोटाएवढी धार मुरलेल्या खडकातून निसटून काळ्या पाषाणावर पसरत होती. “पाणी गेरूवर बसलंय,” आबा सांगायचे, “गेरू त्याला खाली जाऊ देत न्हाई.”

पुढे शिकताना कळलं की हे अक्षरशः खरं आहे. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायला मधे बराच काळ गेला, त्या काळात वरचा थर झिजून त्याची तांबडी माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली. ती चिकट असते, पाणी अडवते. लाव्हाच्या थराचा वरचा भाग वाफांच्या पोकळ्यांनी भरलेला आणि झिजलेला, म्हणून तो पाणी धरतो. खालचा भाग घट्ट. त्यात भेगा असतील तरच पाणी, नाहीतर कोरडा. म्हणजे इथं भूजल हा एक अखंड साठा नसून मजल्यामजल्यांनी वेगळं केलेलं पाणी आहे. नाल्यानं जिथे जमीन कापत कापत असा एखादा सांधा उघडा पाडला तिथे झरा फुटतो.

हे जिल्ह्यात सर्वांत ठळक कुठे दिसत असेल तर लोणारला. पूर्वी आमच्याकडची म्हातारी माणसं लोणारला जायची ती धारेवर आंघोळ करायला. उल्कापातानं झालेलं ते विवर आहे, तोंडाशी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद, हे शास्त्रज्ञांनी नंतर सिद्ध केलं. आजीसाठी ते लवणासुराचं स्थान होतं. विष्णूनं त्याला मारलं आणि खड्डा पडला. त्या गोष्टीत तिला कोडं पडलं होतं ते असं, की काठाशी, उंचावर, गोमुखातून बारमाही गोड धार पडते आणि तळाशी तळं मात्र खारट. पाणी तेच, खाली जाऊन खारं कसं होतं? उत्तर त्या खड्ड्याच्या आकारात आहे. आघातानं खडकाचे थर वरपासून खालपर्यंत कापले गेले, त्यांच्यातलं पठारावरचं पाणी कापलेल्या कडेतून बाहेर येऊ लागलं. तळ्याला मात्र बाहेर जायला वाट नाही. आलेलं पाणी उन्हानं उडतं, क्षार मागे राहतात. तळ्याच्या काठाला सासू-सुनेची विहीर आहे, तिचं एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं अशी जुनी सांगी. आजी ती गोष्ट सांगताना कुठली बाजू सासूची ते कधी सांगत नसे. उतारावरून झिरपत आलेलं गोड पाणी आणि तळ्याकडून मुरणारं खारं पाणी तिथे जवळजवळ येतात, एवढं समजलं तरी ती विहीर एखाद्या प्रयोगशाळेइतकी मोलाची वाटते. लोणार २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. धार त्याआधी कित्येक पिढ्या वाहत होती.

आबांच्या खुणा पुष्कळ होत्या. चैत्रात सगळं रान करपलेलं असताना जिथे हराळी हिरवी राहते ती जागा. नाल्याच्या काठची शिंदी. उंबर, जांभूळ. वारूळ. दोन ओढे मिळतात त्याच्या खालचं वावर. आणि एक खूण, जी मला लहानपणी पटत नसे: नाला उगाच सरळ जाऊन एकदम काटकोनात वळला, तर त्या वळणाशी थांबून बघायचं. “पाणी आपल्या मर्जीनं वळतंय का? खालचा दगड फुटलाय म्हनून वळतंय.” आज उपग्रहाच्या छायाचित्रांवर नाल्यांचे हेच सरळ तुकडे शोधून खडकातल्या भेगांच्या रेषा आखतात. राष्ट्रीय पेयजल मोहिमेत देशभर भूजल संभाव्यतेचे जे नकाशे केले गेले, त्यात खडकाचा प्रकार, भूरूप आणि या रेषा एकावर एक मांडून निष्कर्ष काढले आहेत.

झाडांवरून आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याची परंपरा वराहमिहिराच्या बृहत्संहितेइतकी, म्हणजे सहाव्या शतकाइतकी जुनी. तिच्यात दकार्गल नावाचा अध्यायच आहे. पाणी ओळखण्याच्या परंपरेतलं सगळं घेण्यासारखं नाही. उंबराखाली पाणी असतं कारण उंबराची मुळं उथळ पाण्यापर्यंत पोहोचतात, हे मान्य. हातात नारळ उभा राहिला म्हणून पाणी आहे, हे मला मान्य नाही. आबांनाही नव्हतं. गावातला पाणी दाखवणारा पाणाड्या त्यांचा मित्र होता, आणि तो नारळ धरण्याआधी शिवारात सकाळपासून फिरून येतो, विहिरी वाकून बघतो, हे आबांनी पाहिलं होतं. त्यांचा विश्वास त्या फिरण्यावर होता.

महात्मा फुल्यांनीही याच फिरण्याची किंमत ओळखली होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यात त्यांनी सरकारला सुचवलं की पाणाड्यांकडून जमिनीची पाहणी करून घ्यावी, जिथे पाणी सापडेल त्या जागा गावाच्या नकाशात नोंदवाव्यात, आणि सरकारच्या मदतीवाचून विहिरी खणणाऱ्यांना बक्षीस द्यावं. त्याच वर्षी इंग्रज सरकारचा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आला आणि त्याखाली विहिरींसाठी तगाई मिळू लागली. कर्ज आलं, नकाशा आला नाही. आमच्या भागातल्या कित्येक जुन्या विहिरी तगाईच्या आहेत, आणि त्यांतल्या किती कोरड्या निघाल्या, कर्ज फेडताना कुणाचं वावर गेलं, याच्या गोष्टी मी ऐकल्या त्या अशा स्वरात की सांगणाऱ्याच्या घरीच ते घडलं असावं.

पाणी कुठे आहे याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, ते कुणाला मिळतं. खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखामेळा यांचं नाव दिलं आहे, कारण त्यांचं जन्मस्थान मानलं जाणारं मेहुणा राजा आमच्याच तालुक्यात आहे. चोखोबांच्या माणसांना गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता. वाढून घ्यायचं, नाहीतर नदीत झिरा काढायचा. उन्हाळ्यात आटलेल्या पात्राच्या वाळूत हातानं खड्डा करून, वाटीवाटीनं साचणारं पाणी फडक्यातून गाळून घागर भरायची. आमच्या गल्लीत भाकरीला येणाऱ्या एका वयस्क बाईंनी मला सांगितलं होतं, की झिरा कुठे काढायचा हे त्यांच्या आईला ठाऊक होतं: पात्राच्या वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे वाळू जाड असते. नदीच्या रूपाचं हे ज्ञान त्या बाईला नाइलाजानं शिकावं लागलं. महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली तेव्हा आमच्याकडच्या नद्यांत कितीतरी झिरे निघत होते. भूजलाचा इतिहास लिहायचा तर तो बारवांपुरता लिहून चालणार नाही, झिऱ्यांचाही लिहावा लागेल.

बारवा आमच्या शेजारी आहेत. सिंदखेड राजा, जिजाऊंचं जन्मगाव, तिथे जाधवांच्या काळातला मोती तलाव आहे, पुतळा बारव आहे, सजना बारव आहे. पुतळा बारव पाहायला येणारे लोक तिथलं शिल्प पाहतात. मला तिच्या पायऱ्या महत्त्वाच्या वाटतात. पायऱ्यांची विहीर म्हणजे भूजल मोजण्याची दगडी पट्टी. आमच्या गावातले म्हातारे पाण्याची गोष्ट फुटात सांगत नसत. बालाजीच्या यात्रेला कितवी पायरी बुडाली होती आणि अक्षय तृतीयेला कितवी उघडी पडली, असं सांगत. देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा आश्विनातली. पावसाळा सरताना भूजल वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतं, ते नेमकं तेव्हाच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. यात्रेची पायरी आणि अक्षय तृतीयेची पायरी ही त्यातली पहिली आणि शेवटची मोजणी झाली.

याच यंत्रणेनं महाराष्ट्राचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडले आणि प्रत्येकाचे तीन भाग केले. वरचा वाहून जाणारा, मधला मुरवणारा, खालचा साठवणारा. वरच्या भागात माती पातळ, उतार मोठा, पाऊस पडला की पळतो. मधल्या भागात झिजलेला खडक जाड, उतार सौम्य, इथं पाणी आत शिरतं. खालच्या भागात, नाल्या-नद्यांच्या काठाला, वरून मुरलेलं पाणी येऊन थांबतं. सगळं शास्त्र एवढ्यात येत नाही. एखाद्या सपाट माथ्यावर झीज खोल गेलेली असेल तर तोही चांगलं पाणी धरतो. एखादं खोरं नुसत्या घट्ट पाषाणावर असेल तर ते फसवतं. पण पहिली ओळख इथून होते.

आणि इथूनच आमच्या घरातल्या वाटणीची गोष्ट मला नीट समजली. पणजोबांच्या पश्चात दोन भावांत वावर वाटलं गेलं तेव्हा वरचं बरड आबांकडे आलं आणि नाल्याकाठची काळी धाकट्या आजोबांकडे. विहीर अर्थातच खाली. बरडावर ज्वारीसुद्धा धड येत नव्हती. १९७२ चा दुष्काळ पडला. रोजगाराच्या कामांवर खडी फोडायची, तांबडी मिलो खायची, मुलांना सुकडी मिळायची, हे त्या पिढीच्या सगळ्यांनी सांगितलेलं आहे. त्याच कामांत शिवारात बंडिंग झालं. आबांनी आपल्या बरडावर सरकारी बांधांच्या मधे स्वतःचे दगडी बांध घातले, पुढची कैक वर्षं घालत राहिले. पाऊस पळायचा थांबला. बरडावर थोडी माती धरली, तूर होऊ लागली. पण खरा फरक खाली पडला. धाकट्या आजोबांची विहीर, जी होळीला तळ दाखवायची, ती चैत्र ओलांडू लागली. दोन मोटांचं पाणी झालं. त्यांना ते कुठून आलं हे कुणी सांगावं लागलं नाही; धार उत्तरेच्या अंगानंच वाढली होती. तेव्हापासून दर वर्षी खळं झालं की ते एक पोतं गहू बैलगाडीत घालून आबांच्या दारात उतरवायचे. आबा नको म्हणायचे. ते म्हणायचे, “तुझ्या वावरातला पाऊस पेरला म्या. त्याचा वाटा हाये.” मोटेनं पाणी वर चढत नव्हतं, म्हणून गहू चढला.

मला या साऱ्या विषयात सांगायचं आहे ते एवढंच: विहीर सातबाऱ्यावर असते, पाणी सातबाऱ्यावर नसतं. सामाईक विहिरीत चार आणे, दोन आणे हिस्सा लिहिता येतो. त्या विहिरीत वरच्या कुणाच्या बरडावरचा पाऊस किती आहे हे कुठल्या रकान्यात लिहीत नाहीत. ते फक्त जमिनीच्या उतारात लिहिलेलं आहे.

थोडा हिशेब करून पाहावा. भूजलाच्या अंदाजाची जी राष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात आमच्यासारख्या भेगाळ, सच्छिद्र काळ्या खडकात पावसाच्या सुमारे तेरा टक्के पाणी मुरतं असं धरतात, आणि शंभर घनमीटर भिजलेल्या खडकातून उपशाला मिळतं ते दोन घनमीटर. वाळूच्या गाळात हेच सोळा मिळतं. समजा सातशे मिलिमीटर पाऊस झाला. मुरलं नव्वद मिलिमीटर. गव्हाला पन्नास मिलिमीटरची एक पाळी दिली, तर आपल्या वावरावर पडलेल्या पावसातून दोन पाळ्यासुद्धा पुऱ्या होत नाहीत. आणि एका हेक्टराला अशी एक पाळी दिली की त्या हेक्टराखालची पाण्याची पातळी अडीच मीटर उतरते. मग जो सहा-सहा पाळ्या देतो तो पाणी आणतो कुठून? वरच्यांचं आणतो. शेजाऱ्याचं आणतो. पुढच्या सालाचं आणतो. आज आमच्या तालुक्यात आणि सिंदखेड राजात शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन जोरात आहे. जालन्याच्या बियाणे कंपन्यांसाठी ते होतं, पैसा चांगला मिळतो, ठिबकनं पाणी बेतानं वापरलं जातं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण शेडनेटखालचं पाणीही त्याच नव्वद मिलिमीटरांतून येतं.

बाहत्तरच्या दुष्काळानं दुसरंही काहीतरी आणलं. खडक फोडणारी यंत्रं आली, बोअर आली. गंमत अशी की बोअरवरच्या हातपंपाच्या इतिहासात आमच्या शेजारच्या जालन्याचं नाव आहे. ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या वापरानं महिन्या-दोन महिन्यांत मोडत, म्हणून जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादी, एका खुंटीवर चालणारा पंप बनवला. त्या जालना पंपावरून सोलापूर पंप झाला आणि त्यावरून इंडिया मार्क टू, जो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. पिण्याच्या पाण्यासाठी बोअरनं केलेलं काम मी विसरणार नाही. कितीतरी बायकांची पायपीट तिनं वाचवली.

शेतीसाठी मात्र बोअरनं वेगळा खेळ मांडला. आबा गेल्यानंतर आमच्या भावकीत वरच्या अंगाला एक बोअर घेतली गेली. रात्री गाडी आली, सकाळपर्यंत चारशे फूट खाली. कुणी विहीर वाकून पाहिली नाही, नाला फिरून पाहिला नाही. पाणी लागलं, दोन हंगाम चाललं. खालच्या विहिरीची उत्तरेची धार पौषातच बंद झाली. गेरूचा पट्टा छेदला गेला होता. वरच्या मजल्यावरचं पाणी त्या भोकातून खालच्या भेगांत उतरलं, जिथून ते विहिरीला परत मिळणार नव्हतं, आणि खालच्या भेगांना भरायला किती पावसाळे लागतात हे बोअर काढून देणारा सांगत नाही. पुढे बोअरही गेली. गव्हाचं पोतं त्याआधीच बंद झालं होतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, याहून खोल विहिरींना मनाई केली आहे. तो कायदा गावागावांत नीट माहीतही नाही.

एका ठिकाणचा यशस्वी उपाय दुसरीकडे जसाच्या तसा उचलून नेणं, हाही जमिनीचं रूप न वाचण्याचाच प्रकार आहे. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून जे केलं ते बरंचसं तापीच्या काठच्या गाळात होतं. तिथे वरचा चिकट थर फोडला की पाणी खालच्या वाळूत शिरतं. २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानात तेच नाला खोलीकरण काळ्या पाषाणावरही झालं. जिथे खाली मांजऱ्या किंवा भेगाळ खडक होता तिथे ते लागू पडलं. जिथे यंत्रानं पाणी धरणारा मुरूमच खरवडून काढला, तिथे कडेच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात निसटलं. बुलढाणा पॅटर्न म्हणून महामार्गांच्या कामासाठी तलावांतला गाळ, माती काढली गेली. साचलेला गाळ काढणं चांगलंच. फक्त गाळ संपून मुरूम जिथे सुरू होतो तिथे थांबणारा माणूस यंत्रावर हवा.

चांगलं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. जालना-सिंदखेड राजा रस्त्याच्या बाजूला कडवंची आहे. १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकारानं, काम माथ्यापासून सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं पायथ्याला आलं. आधी डोंगरउतारावरचे चर, मग वावरांचे बांध, सगळ्यात शेवटी नाल्यातले बंधारे. आज ते द्राक्षांचं गाव आहे. आबा तेव्हा असते तर त्यांनी द्राक्षांआधी टेकडीवरचे चर पाहिले असते.

आपल्या गावाच्या पाणलोटाचा नकाशा जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात असतो. तो मागून घ्या आणि ग्रामसभेत भिंतीवर लावा. मुरवणारा भाग कुणाकुणाच्या गटांत येतो ते तांबड्या शाईनं दाखवा, आणि त्या शेतकऱ्यांच्या बांधांचा खर्च खालच्या विहिरीवाल्यांनीही उचलावा असा ठराव घ्या. पुढची बोअर घेण्याआधी गावात विहिरी खणलेली म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या, कुठल्या विहिरीत किती परस खोलीवर मुरूम लागला, कितीवर मांजऱ्या, गेरू कुठे, आणि धार कुठल्या अंगानं आली. या नोंदी कुठल्याच सरकारी दप्तरात नाहीत.